शिडीच्या सात पायऱ्या

आमच्या घरात त्या सहलीच्या तीन हकीकती सांगितल्या जातात आणि तिन्ही खोट्या आहेत. मुलगा सांगतो की मला आरामखुर्चीत डुलकी लागली होती. पुण्याला राहणारा माझा मेहुणा, जो त्या बेटापासून हजार मैलांवर बसलेला होता, तो लग्नकार्यात लोक जमवून सांगतो की बहिणीला पाण्यात सोडून भावजी जेवणघराकडे पळाले. आणि माझी पत्नी सांगते की काहीच झाले नाही, थोडे पाय भिजले. पहिल्या दोघांशी मी वर्षानुवर्षे भांडत आलो आहे. तिसरीशी भांडायचे धैर्य मला आता, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर होते आहे, म्हणून हे लिहितो.

सन २०१५ च्या आसपासची गोष्ट. मुलगा तेव्हा ओमानमध्ये, मस्कतजवळ अल खौदला राहत असे. आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून त्याने आणि सुनेने आम्हा दोघांना तीन दिवसांसाठी एका बेटावर पाठवायचे ठरवले. बेटाचे नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांनी माझे काही वाईट केलेले नाही. दुक्म बंदराकडे जाणाऱ्या लांबलचक रस्त्याने मोटारीतून, मग यांत्रिक होडीतून तिथे पोहोचावे लागे. किनाऱ्यापासून एक लाकडी धक्का थेट समुद्रात गेलेला आणि त्याच्या टोकाला खांबांवर उभ्या केलेल्या पाच खोल्या, थोडे अलीकडे जेवणघर. खाली, समोर, चहूकडे पाणी. सुनेने मोबाइलवर चित्रे दाखवली तेव्हा पत्नी लहान मुलीसारखी खुदकन हसली होती. मी चष्मा पुसला आणि खांब किती जाडीचे आहेत ते पाहिले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण मेहुणा ती उपहासाने सांगतो. मी रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, मुंबईच्या गोदीत छत्तीस वर्षे काढलेला, आणि मला पाण्याची भीती वाटते. वाटते, लपवायचे काय त्यात? मी नऊ वर्षांचा असताना आमच्या शेजारचे एक गृहस्थ शिंपल्या काढायला पुळणीवर, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर, गेले आणि भरतीने त्यांना परत येऊ दिले नाही. काठावरून सगळा गाव ते पाहत होता. त्या संध्याकाळी वडिलांनी मला ओटीवर बसवले आणि कोकणातल्या प्रत्येक खाडीकाठी चालणारे गणित शिकवले. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यात सहा तास आणि वर थोडी मिनिटे मिळवली की सुकती पूर्ण, म्हणजे ओहोटीचे पाणी सर्वांत खाली. वडील म्हणाले, "वेळ ठाऊक असलेल्या पाण्याला भ्यायचं नाही." मी ते गणित पाठ केले आणि त्यानंतर साठ वर्षे पाण्याला भ्यालो नाही. नेमके सांगायचे तर, साठ वर्षे भीतीच्या अंगावर ते गणित पांघरून ठेवले.

खोलीत पाऊल टाकताच मला कळले की ते पांघरूण इथे अपुरे पडणार. जमिनीच्या मधोमध काचेचा चौकोन बसवलेला होता, आणि त्याखालून पाणी हलत होते. फळ्यांना बारीक फटी होत्या. खांबांवर लाट आपटली की पलंगाच्या पायाला ती कळे.

"अहो, इकडे या ना! मासे बघा, मासे!" पत्नी काचेवर पालथी पडून म्हणाली.

"दिसतात इथूनच."

"तुम्ही भिंतीला का टेकलात?"

"पाठ दुखते आहे."

तिने वर पाहिले नाही. चाळीस वर्षांत ती माझ्या पाठदुखीवर कधी बोलली नाही आणि त्या दुखण्यावर तिने कधी विश्वासही ठेवला नाही.

बेटावर आमची बोली बोलणारा एकच माणूस निघाला: तिथला आचारी. वेंगुर्ल्याकडचा, पन्नाशीचा, दुक्मच्या कामगार छावणीत सहा वर्षे हजार माणसांचा भात शिजवून मग या निवांत नोकरीत आलेला. पहिल्याच संध्याकाळी पत्नीने अल खौदच्या दुकानातून आणलेल्या साबुदाण्याची पिशवी त्याच्या हाती दिली, कारण दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. तो हरखून गेला.

"काकीनू, साबुदाण्याची खिचडी करून मला सात वर्सा झाली. बिघडली तर बोलायचा नाय हां."

"बिघडली तर मी शिकवीन," ती म्हणाली.

मी त्याच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून समुद्राकडे पाहत होतो. समोर, आमच्या खोलीपासून तीनेकशे पावलांवर, पाण्यातून एक पांढरी पुळण वर आलेली होती. तिच्यावर रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता. मी पाऊणपट केली आणि सुकती किती वाजता पूर्ण होईल ते आचाऱ्याला सांगितले. फुशारकी होती, नाकारत नाही.

तो खिचडीचे पातेले शोधता शोधता थांबला. "काकानू, तुमचा गणित बरोबर हा. पन हयसर ता तसाच्या तसा लावूचा नाय. ह्या मुलखात घड्याळ दीड तास मागे."

"समुद्राला घड्याळ नसते," मी म्हणालो.

"समुद्राक नसता. पन तुमच्या हाताक हा ना!"

पत्नी हसली. मला राग आला. साठ वर्षांचे माझे गणित, आणि भातवाल्याने त्यात बोट घालावे! मी त्याला ऐकवले की तुम्ही भांडी घासायच्या आधीपासून मी भरती मोजतो. तो दुखावला नाही. "इन्शाल्ला," म्हणाला आणि कामाला लागला. देवाची मर्जी असेल तर, अशा अर्थाचा तो शब्द तिथे सगळे वापरतात. पण त्याने तो ज्या सुरात उच्चारला तो सूर मला पुढे फार दिवस ऐकू येत राहिला.

आता चतुर्थीच्या सकाळकडे येतो. मेहुणा म्हणतो की संकष्टी असली तरी सकाळी तृतीयाच असू शकते, चतुर्थी चंद्रोदयाची धरतात, म्हणजे माझी तिथीच चुकली. या मुद्द्यावर तो बरोबर असू शकेल. पण तो फरक पाऊण तासाचा आहे, आणि माझी चूक त्याहून मोठी होती. स्वतःच्या चुकीचे माप मी दुसऱ्याला कमी करू देणार नाही.

पावणेआठ वाजता पत्नी खोलीच्या शिडीपाशी उभी होती. या सहलीसाठी तिने आयुष्यात प्रथमच पंजाबी ड्रेस शिवून घेतला होता आणि सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली होती. दोन्ही गुडघे दोन वर्षांपूर्वी बदललेले. नातीने निघताना तिच्या अडखळत्या मराठीत सांगितले होते, "आजी, मला फ्लेमिंगोचा एक फेदर आण, पिंक वाला." आणि पुळण समोर उघडी पडलेली होती.

"अहो, पाणी कधीपर्यंत उतरणार?"

मी पाऊणपट केली. चार तिथी, तीन वाजता भरती. नऊ वाजता सुकती पूर्ण.

"नऊला सगळ्यात कमी असेल. नऊला तिथून निघ, म्हणजे परत येताना आत्तापेक्षाही कमी पाणी लागेल."

हे शब्द माझे. कोणत्याही हकीकतीत हे शब्द येत नाहीत, म्हणून मी ते इथे जसेच्या तसे लिहितो.

ती शिडी उतरली. आमच्या खोलीच्या आणि पुळणीच्या मध्ये एक चर होता; तिथे पाणी तिच्या गुडघ्याला लागले. पलीकडे चढून तिने हात हलवला. मी चहाचा पेला घेऊन आरामखुर्चीत बसलो. पुढे वाकले की शिडी दिसे. तिच्या सात पायऱ्या कोरड्या होत्या. सवयीने मोजल्या.

साडेआठला सहा होत्या.

मुलाने इथे नीट वाचावे. मला डुलकी लागली नव्हती. डुलकी लागली असती तर मी आज सुखी माणूस असतो. मी जागा होतो, डोळे उघडे होते, आणि सातवी पायरी पाण्याखाली गेलेली मला दिसत होती. मी स्वतःला म्हणालो, मघाशी चुकीची मोजली. मग म्हणालो, लाटेने भिजली. मग पुन्हा पाऊणपट केली: चार तिथी, तीन वाजता, नऊ वाजता. गणित बरोबर होते. मी खुर्चीच्या हातांना धरून पाणी उतरायची वाट पाहू लागलो. गणित वडिलांचे होते, शिडी आचाऱ्याच्या मालकाची. मी गणितावर विश्वास ठेवला.

असा अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात मी तिला हाक मारली असती तर ती गुडघाभर पाण्यातून परत आली असती.

नऊला पाच मिनिटे असताना पाच पायऱ्या उरल्या आणि पाचवीच्या कडेला पाणी लागत होते. मी उठलो. पेला कठड्यावरून खाली गेला. पुळण लहान झाली होती. पक्षी एका टोकाला गोळा झाले होते आणि पत्नी त्यांच्याकडे पाठ करून, वाळूत काहीतरी शोधत, वाकलेली होती. मी ओरडलो. वारा तिच्याकडून माझ्याकडे होता. तिने वर पाहिले, माझा हलणारा हात पाहिला आणि उत्तरादाखल हात हलवला. मी पक्षी दाखवतो आहे असे तिला वाटले. मी तिच्या मोबाइलवर फोन लावला. तो माझ्या पाठीमागे पलंगावर वाजू लागला.

मग तिने मनगटावरचे घड्याळ पाहिले. मी तिला पाहताना पाहिले. नऊ वाजले होते. मी नऊ सांगितले होते. ती चराच्या दिशेने चालू लागली.

माझ्या आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो आणि पुढे घाबरणार नाही. तेवढी भीती एका देहात दोनदा मावत नाही. मला शिडी उतरायची होती. मी उतरलो, सहा पायऱ्या. पाणी नडगीला लागले आणि माझे पाय थांबले. मी त्यांना शिव्या दिल्या. मला शेजारचे ते गृहस्थ दिसत होते, आणि काठावर उभा असलेला गाव, आणि त्या गावात नऊ वर्षांचा मी. पाय हलले नाहीत. ती चरात शिरली. गुडघा, मांडी. ती थांबली आणि पुन्हा पुढे आली. का आली ते मला माहीत आहे. नऊला पाणी सर्वांत कमी असते, असे तिला चाळीस वर्षांच्या नवऱ्याने सांगितले होते. त्यामुळे जे लागते आहे ते कमीच असणार आणि पुढे आणखी कमी होणार, असे तिने धरले. डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्यापेक्षा तिने माझा शब्द खरा मानला. मीही अर्धा तास तेच करत बसलो होतो.

मी वर चढलो आणि धक्क्यावरून पळालो. हो, जेवणघराकडे. मेहुण्याच्या हकीकतीतले एवढे अक्षर खरे आहे. होड्या त्या बाजूला असत आणि माणसेही. एक चप्पल फळीत अडकून राहिली.

आचारी कांदा चिरत होता. "चर," मी म्हणालो. "चरात. ही."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग खिडकीतून समुद्राकडे, आणि सुरी तशीच टाकली. मोठी होडी पाहुणे आणायला गेलेली होती. जेवणघराच्या पायऱ्यांना एक चपटी प्लास्टिकची होडी बांधलेली असे, पाहुण्यांच्या करमणुकीची. त्याने ती सोडवली, स्वतः पाण्यात उडी टाकली आणि होडी पुढे ढकलत निघाला. मी धक्क्याच्या कडेवर ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. मुलगा म्हणतो देवाचे नाव, ते चूक. मी तिचे नाव घेत होतो. लग्नानंतर मोठ्याने प्रथमच.

"काकानू, बोंबलून काय होवचा नाय!" तो वळून ओरडला. "ह्या दोरयेचा टोक धरा आणि पायरेर उभे रवा! धरल्यात काय?"

होडीची लांब दोरी पायऱ्यांपर्यंत येत होती. ती धरायला खाली उतरणे भाग होते. मी उतरलो. कमरेपर्यंत. त्यापुढे नाही, पण कमरेपर्यंत उतरलो, आणि ज्याला हे खोटे वाटत असेल त्याने त्या आचाऱ्याला विचारावे.

"काकीनू, थंयच रवा!" तो ओरडला. "फुडे येव नकात! पाऊल उचलू नकात!"

ती थांबली. पाणी तिच्या छातीला होते. दोन्ही हात वर धरलेले, ओढणी पाण्यावर पसरलेली. ती हलत होती. चालत नव्हती, पाणी तिला हलवत होते. मध्येच ती एकदा डावीकडे झुकली आणि तिचे फक्त डोके दिसले. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. मी श्वास घेतला नव्हता एवढे सांगू शकतो. मग डोके वर आले, आणि होडी तिच्याजवळ पोहोचली, आणि तिने तिच्या कडेला हात टाकला. आचाऱ्याने मला ओढायची खूण केली. मी ओढले. तळहाताची साले निघाली. तो मागून ढकलत होता, मी ओढत होतो, आणि ती दोघांच्या मध्ये पाण्यात लोंबकळत, एक हात अजून वर धरून, येत होती.

वर ठेवलेल्या त्या हातात पीस होते. गुलाबी, बोटभर.

जेवणघरात आचाऱ्याने तिला दोन टॉवेल गुंडाळले आणि चहा ठेवला. ती दात वाजवत म्हणाली, "दूध घालून चालेल हो उपासाला." माझ्या हातात त्याने पेला दिला तो मला धरता आला नाही, दोन्ही हातांनी धरला तरी चहा बशीत सांडत राहिला. त्याने अर्धा पेला ओतून कमी केला.

"घड्याळ," मी म्हणालो.

"जावंदे, काकानू."

"दीड तास. तुम्ही सांगितले होते. सुकती नऊला नव्हे, साडेसातलाच झाली."

"गणित वाईट नाय तुमचा," तो म्हणाला. "थंयचा समुद्र थंयच्या घड्याळाक बांधलेलो. हयसर इला की सोडूक होया." आणि मग, मी रडेन अशी भीती वाटली असावी म्हणून, "काकीनू, खिचडी आता तरी खातल्यात, की परत पिसाक जातल्यात?"

ती हसली. मग ती माझ्याकडे वळली आणि तिने ते वाक्य उच्चारले ज्याच्याशी मी आजवर झगडतो आहे.

"अहो, एवढं काय झालं? थोडे पाय भिजले."

दुपारी मुलाचा फोन आला. तिने हेच सांगितले. रात्री चंद्र उगवल्यावर तिने त्याला अर्घ्य दिले, खोलीच्या कठड्यावरून, खालच्या त्याच पाण्यात; मी आत पलंगावर बसून होतो. बेटावरच्या व्यवस्थापकाने नंतर मुलाला काहीबाही कळवले, त्यातून मुलाने डुलकी बनवली आणि मेहुण्याने पळापळ. दोघांनी आपापल्या परीने मला सांभाळून घेतले, असे सून म्हणते. मला नको आहे ते. झोपलेल्या माणसाची चूक नसते आणि पळालेल्या माणसाचा निदान स्वभाव तरी असतो. मी जागेपणी, शिडीकडे पाहत, चूक केली.

पण खरे भांडण तिच्याशी आहे. पाणी छातीला होते. तिचे डोके एकदा खाली गेले होते. ती म्हणते घोटा. मी पन्नास वेळा सांगितले असेल, "घोटा नव्हता," आणि ती पन्नास वेळा विषय बदलते, चहा करायला उठते. हे लिहायला घेतले तेव्हा तिने मागून वाचले आणि म्हणाली, "कशाला लिहिता? तुमचंच हसं होईल." तिला माझे हसे नको आहे म्हणून ती आठ-नऊ वर्षे स्वतःचे बुडणे नाकारते आहे. हे मला सहन होत नाही. तिला किती भीती वाटली हे मी तिला एकदाही विचारू शकलो नाही, कारण तिच्या हकीकतीत भीतीला जागाच नाही.

दुसऱ्या सकाळी, तिसऱ्या दिवशी, ती पुन्हा शिडीपाशी उभी होती. तिने मागे वळून न पाहता, रोजच्या आवाजात विचारले:

"अहो, आज पाणी कधी उतरणार?"

तोंडात पाऊणपट आली होती. पंचमी, पावणेचार. मी ती गिळली.

"थांब," मी म्हणालो. "विचारून येतो."

तेव्हा ती वळली. तिचा हात शिडीच्या कठड्यावर होता आणि तो थरथरत होता, माझ्या पेल्यासारखाच. मी तो पाहिला आणि तिने मला पाहताना पाहिले, आणि हात ओढणीखाली घेतला.

घोटाभर पाण्यासाठी कुणाचा हात असा थरथरत नाही. हे मी तिला तेव्हा म्हणालो नाही. आचाऱ्याला वेळ विचारायला एका चपलेने धक्क्यावरून गेलो, आणि परत येऊन तिला ती सांगितली. त्या दिवशी आम्ही दोघेही पाण्यात उतरलो नाही.